शांतीची मेणबत्ती मी कशी लावू?

"मॅडम, येत्या रविवारी शांतीची मेणबत्ती मला लावायची आहे. आणि माझ्याच मनात शांती नाही. हे ढोंग नाही का?"

नागपूरच्या मेकोसाबागेतून माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या ताई साठीच्या, निवृत्त नर्स. डिसेंबर नुकताच लागला होता. आगमनकाळ म्हणजे ख्रिसमसआधीचे 4 रविवार. दर रविवारी एक मेणबत्ती वाढत जाते. बऱ्याच चर्चमध्ये पहिली आशेची आणि दुसरी शांतीची मानतात. ताईंची पाळी दुसऱ्या रविवारी होती. रात्री तीनला जाग येते, छाती धडधडते, आणि नाताळ जवळ आला की हे वाढतं, असं त्या सांगत होत्या. कुणीतरी म्हणालं होतं, "तुमची प्रार्थना कमी पडते."

हे वाक्य मी दर वर्षी ऐकते आणि दर वर्षी मला त्याचं दुःख होतं. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेच शिष्यांना सांगितलं होतं की माझा जीव मरणाइतका खिन्न झाला आहे. त्याच्या विश्वासात काय कमी होतं? ताईंना मी आधी बीपी, साखर, थायरॉइड तपासून यायला सांगितलं. धडधड नेहमी मनाचीच असते असं नाही. रिपोर्ट ठीक आले, मग बोलायला बसलो.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर शहरातल्याच सदर भागात राहणाऱ्या भावाशी आणि वहिनीशी बोलणं बंद. कारण आईच्या सोन्याच्या पाटल्या. त्या ताईंकडे होत्या. शेवटची दोन वर्षं आईचं सगळं त्यांनीच केलं होतं. आता एकाच चर्चमध्ये ही मंडळी दोन टोकांच्या बाकांवर बसतात. नाताळाच्या करंज्या मुलाच्या हातून जातात.

"पण मी भांडत नाही, मॅडम. एक शब्द बोलत नाही. शांतताच ठेवून राहिली ना मी?"

मी विचारलं, "ताई, वॉर्डात पेशंट एकदम गप्प पडून राहिला तर तुम्ही काय समजायच्या?"

त्या हसल्या नाहीत. "अशा पेशंटला आधी पाहावं लागते. वरून खपली धरते, आत पू असते."

मी त्यांच्यासमोर बायबलमधल्या यिर्मयाचा सहावा अध्याय उघडला. लोकांची जखम वरवर बरी करून, शांती नसताना "शांती, शांती" म्हणणाऱ्यांवर तो संदेष्टा तिथे रागावला आहे. ताईंनी ते दोनदा वाचलं.

मराठीत शांतता आणि शांती हे वेगळे शब्द आहेत, हे आपलं भाग्यच. कुणी बोललं नाही की शांतता होते. शांतीला काम करावं लागतं. आपण ख्रिस्ती माणसं भेटल्यावर "सलाम" म्हणतो. तो अरबी शब्द आणि बायबलमधला हिब्रू "शालोम" एकाच धातूचे. शालोम म्हणजे पुरेपण, अखंडपण. देणं फेडणं, भरपाई करणं यासाठीचं हिब्रू क्रियापदही त्याच धातूचं. आगमनकाळात ज्याची आठवण करतात तो बाप्तिस्मा करणारा योहानसुद्धा "आम्ही काय करावं?" असं विचारणाऱ्या लोकांना डोळे मिटून बसा म्हणाला नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा, म्हणाला.

ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पाटल्याही दोनच आहेत."

जाच असलेल्या, मारहाण होणाऱ्या घरातल्या बाईला मी "जा, समेट कर" असं कधीच सांगत नाही. तिथे आधी तिची सुरक्षितता. इथे तशी भीती नव्हती, तीन वर्षांचा अबोला होता. तरी जा, असं मी सांगितलं नाही. गेल्यावर म्हणायचं पहिलं वाक्य तेवढं आम्ही मिळून शोधलं. "तुम्ही पण" ने सुरू होणारी चार वाक्यं खोडली. उरलं ते एवढंच: "आईच्या पाटल्यांबद्दल मी तुम्हाला विचारलं नाही, ते चुकलं." रात्री जाग आली तर श्वास हळूहळू, लांब सोडायचा, हेही करून पाहिलं.

शनिवारी संध्याकाळी त्या एक पाटली रुमालात बांधून सदरला गेल्या. भाऊ दार उघडून आत निघून गेला. वहिनीने पाणी आणलं, रुमाल उघडला आणि परत बांधून ताईंच्या हातात दिला.

"सोन्यासाठी नाही रुसली मी, वन्सं. आईंचं कपाट उघडलं तेव्हा मला बोलावलं नाही तुम्ही. मी परकी होती का?"

हे ताईंच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. माझ्याही.

दुसऱ्या दिवशी मेणबत्ती लावताना त्यांचा हात थरथरत होता. भाऊ अजून बोलत नाही. झोप कधी लागते, कधी नाही. पण आईच्या साड्यांची ट्रंक अजून बंदच आहे, आणि ती उघडायला मंगळवारी वहिनी येणार आहे.