६एल६ च्या जागी ईएल३४ बसवल्याने ट्यूब अ‍ॅम्पचा आवाज बदलेल का, आणि हम जाईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्याकडे वीसेक वर्षं जुना, दोन ६एल६ पॉवर ट्यूबचा (शेवटच्या टप्प्यात स्पीकर चालवणाऱ्या ट्यूब) ४० वॉटचा काँबो, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात, आहे. मित्राकडे ईएल३४ चा ५० वॉटचा हेड (स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प) आणि चार स्पीकरचं बंद कॅबिनेट आहे. बँडमध्ये त्याची गिटार पुढे येते, तुमची मागे पडते. शिवाय तुमच्या अ‍ॅम्पला अलीकडे हम, म्हणजे सततची घुमणारी गुणगुण, यायला लागलाय, तो व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी जात नाही, आणि वाजवताना मध्येच आवाज तुटतो. ईएल३४ ची जोडी टाकली तर हे सगळं सुटेल का?

नाही सुटणार. आणि सगळ्यात आधी हे सांगतो की त्या अ‍ॅम्पमध्ये ईएल३४ तशीच खोचू नका. सॉकेट तोच असल्यामुळे ती बसते, म्हणून मोह होतो. पण ६एल६ चा हीटर (ट्यूब तापवणारी आतली तार) ०.९ अँपिअर घेतो आणि ईएल३४ चा १.५, म्हणजे जोडीमागे १.२ अँपिअरचा जादा भार पॉवर ट्रान्सफॉर्मरवर पडतो. दुसरं म्हणजे ईएल३४ च्या एक नंबरच्या पिनवर सप्रेसर ग्रिड (ट्यूबमधली एक जाळी) असते आणि ती आठ नंबरच्या पिनला, म्हणजे कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला) जोडलेली लागते. ६एल६ ला एक नंबरच्या पिनची गरज नसते, त्यामुळे पुष्कळ अ‍ॅम्पमध्ये ती रेझिस्टर टेकवायला वापरलेली असते. फेंडर या अमेरिकन कंपनीच्या कित्येक अ‍ॅम्पमध्ये ग्रिडचा १.५ किलोओमचा रेझिस्टर एक आणि पाच नंबरच्या पिनांमध्येच सोल्डर केलेला असतो. तिथे ईएल३४ लावली की सप्रेसरवर बायसचं (ट्यूबने शांत असताना किती करंट घ्यायचा ते ठरवणारं) ऋण व्होल्टेज आणि सिग्नल दोन्ही पोचतात. बायस नव्याने लावावा लागतो तो वेगळाच. दोन्ही ट्यूब चालतील असे अ‍ॅम्पही मिळतात, पण त्यांच्या मॅन्युअलमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

आता आवाजाबद्दल. ईएल३४ म्हणजे ब्रिटिश आणि ६एल६ म्हणजे अमेरिकन, हे सगळीकडे ऐकायला मिळतं. ते पूर्ण खोटं नाही, पण त्यात ट्यूबला नको तेवढं श्रेय जातं. मार्शल या ब्रिटिश कंपनीचा पहिला अ‍ॅम्प, १९६२ चा जेटीएम४५, हा फेंडर बेसमनच्या ५एफ६-ए सर्किटची जवळजवळ नक्कल होता, आणि सुरुवातीच्या नगांमध्ये ५८८१, म्हणजे ६एल६ च्याच घराण्यातली ट्यूब होती. तरीही त्याचा आवाज बेसमनपेक्षा वेगळा लागला. कारण पहिल्या जागी बेसमनमध्ये १२एवाय७ होती, जिचा अ‍ॅम्प्लिफिकेशन फॅक्टर, म्हणजे सिग्नल मोठा करण्याची क्षमता, ४० च्या आसपास असतो. मार्शलने तिथे ईसीसी८३, म्हणजेच १२एएक्स७ लावली, तिचा १००. आणि बेसमनचे दहा इंची चार जेन्सन मागून उघड्या खोक्यात होते, तर मार्शलने बारा इंची चार सेलेस्टियन मागून बंद कॅबिनेटमध्ये घातले. पॉवर ट्यूब तीच, आणि तरी रॉक गिटारचा एक नवा आवाज जन्माला आला! मला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कमीच वाटते.

तुमचा अ‍ॅम्प साठच्या दशकातल्या फेंडरच्या वळणाचा असेल तर खरा फरक टोन सर्किटमध्ये आहे. त्या जातीत टोनची बटणं पहिल्या ट्यूबनंतर लगेच येतात आणि ती ५ वर ठेवली की ४००-५०० हर्ट्झच्या आसपास मोठा खड्डा पडतो. एकट्याने क्लीन (न फाटलेल्या, स्वच्छ आवाजात) वाजवताना तो खड्डा सुरेख वाटतो. बँडमध्ये मात्र गिटारची जागा नेमकी तिथेच असते, आणि तीच तुम्ही रिकामी सोडलेली असते. मार्शलच्या जातीत टोन सर्किट कॅथोड फॉलोअरनंतर (आवाज न वाढवता पुढचा भार पेलणाऱ्या ट्यूबच्या टप्प्यानंतर) येतं आणि खड्डा उथळ असतो. म्हणून आधी हे करून बघा: बेस २ वर, ट्रेबल ४ वर, मिडल पूर्ण १०, आणि आवाज कमी झाल्यासारखा वाटेल तेवढा व्हॉल्यूम वर. अर्धा फरक इथेच भरून निघेल. मिडलचं बटण नसेल तर मिड (मधले सूर) पुढे आणणारा एखादा साधा ओव्हरड्राइव्ह (आवाज किंचित फाडणारा) पेडल तेच काम करतो.

वॉटचा तर विचारच सोडून द्या. ४० आणि ५० वॉटमध्ये जेमतेम १ डेसिबलचा फरक असतो. वॉट दुप्पट केले तरी ३ डेसिबलच वाढतात, आणि कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. स्पीकरचं मात्र तसं नाही. सेलेस्टियनचा ग्रीनबॅक ९८ डेसिबलचा आहे, अल्निको ब्लू १०० चा. या दोन डेसिबलना अ‍ॅम्पमध्ये दीडपटीहून जास्त वॉट मोजावे लागतात, आणि आवाजाचा पोत बदलतो तो वेगळा.

व्हॉक्स एसी३० बद्दल तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय, तर तेवढंच उत्तर: चार ईएल८४ पॉवर ट्यूब, कॅथोड बायस (कॅथोडच्या रेझिस्टरने आपोआप लागणारा), आणि निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा मागे देऊन आवाज आवरणं) नाही. फीडबॅक नसल्यामुळे क्लीनमधून ओव्हरड्राइव्हमध्ये जाताना ठळक सीमा लागत नाही, बोटाच्या जोरावर तो पुढे-मागे होतो. त्याला सगळे 'क्लास ए' (दोन्ही बाजूंच्या ट्यूब सतत चालू) म्हणतात, पण पूर्ण आवाजावर तो क्लास एबीच (ट्यूब आळीपाळीने थोडा वेळ बंद) असतो.

दोन अ‍ॅम्पची तुलना करताना बहुतेक जण एक अ‍ॅम्प वाजवतात, मग दुसरा, आणि जो किंचित मोठा लागला तो 'जास्त भरीव' ठरवतात. लूपर पेडलवर (वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकवणारा पेडल) आठ-दहा सेकंदांचा एक तुकडा रेकॉर्ड करा आणि तोच दोन्ही अ‍ॅम्पना द्या. बोटं बदलली नाहीत की निम्मा गोंधळ संपतो. फोनवरच्या डेसिबल मीटरने दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. मग तुमचा काँबो मित्राच्या कॅबिनेटला जोडून ऐका. आधी इम्पिडन्स (दोन्हींवर लिहिलेला ओमचा आकडा) जुळतो का ते बघा, अ‍ॅम्प बंद करूनच वायर बदला, आणि ती स्पीकरची वायर असू दे, गिटारची नको. ट्यूब अ‍ॅम्प स्पीकरशिवाय कधीही चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. माझा अंदाज आहे की त्या कॅबिनेटवर तुमचा अ‍ॅम्प ऐकल्यावर तुम्ही ईएल३४ चा विषय काढणार नाही.

बिघाडाकडे येताना एक इशारा. आत ४०० व्होल्ट आणि त्याहून जास्त असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर तो चार्ज धरून ठेवतात. त्यामुळे खाली जे सांगतोय ते सगळं चेसिस (आतल्या सर्किटची धातूची पेटी) न उघडता करायचं आहे. कान, अंधार आणि लाकडी पेन्सिल एवढ्यावर बरंच कळतं.

हम आधी नीट ऐका, त्याचा सूर ओळखा. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे हम दोन प्रकारचा असतो. ५० हर्ट्झचा हम खोल, गोल, पोटात जाणवणारा असतो. तो हीटरच्या वायरिंगमधून, ग्राउंड लूपमधून (दोन उपकरणांचं अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेल्याने) किंवा वायरीतून येतो. १०० हर्ट्झचा हम एक सप्तक वर, जरा करकरीत असतो, आणि तो रेक्टिफायरनंतरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या भागानंतरच्या) डीसी पुरवठ्यातून येतो. ओळखायची सोपी रीत म्हणजे जाड तारेवरचा तिसरा फ्रेट वाजवा. तो जी सूर ९८ हर्ट्झचा आहे. हम त्याच्याशी जवळजवळ जुळून हळूहळू थरथरला, तर तो १०० चा. (६० हर्ट्झच्या विजेवर हेच आकडे ६० आणि १२० होतात, मग तुलनेला जाड तारेचा सहावा आणि सातवा फ्रेट घ्या; १२० त्या दोघांच्या मधे बसतो.)

तुमचा हम व्हॉल्यूम शून्यावर असतानाही राहतो. एकदा रिव्हर्बही (प्रतिध्वनीचं बटण) शून्यावर करून बघा, कारण रिव्हर्बचा परतीचा रस्ता बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये चॅनल व्हॉल्यूमच्या नंतर येऊन मिळतो. तरीही राहिला तर गिटार, वायर आणि पहिली ट्यूब यांच्यावरचा संशय गेला. मग अ‍ॅम्प बंद करून, थंड होऊ देऊन, प्रीअ‍ॅम्प ट्यूब (पॉवर ट्यूबच्या आधीच्या छोट्या ट्यूब) इनपुटच्या बाजूने एकेक काढत जा आणि दर वेळी चालू करून ऐका. ज्या ट्यूबला काढल्यावर हम थांबला, तो त्या जागेतून किंवा तिच्या आधीच्या भागातून येत होता. थोड्या अ‍ॅम्पमध्ये हीटर सिरीजमध्ये असतात, तिथे एक काढली की बाकीच्याही विझतात आणि ही चाचणी उपयोगाची नाही. फेज इन्व्हर्टरची ट्यूब, म्हणजे दोन्ही पॉवर ट्यूबना एकमेकींच्या उलट सिग्नल देणारी, त्यांच्या शेजारची, काढल्यावरही हम तसाच राहिला तर प्रश्न पॉवर ट्यूबमध्ये किंवा पुरवठ्यात आहे.

यातलं एक कारण पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पुश-पुल अ‍ॅम्पमध्ये (जिथे पॉवर ट्यूबची जोडी आळीपाळीने काम करते) पुरवठ्यातली लहर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन अर्ध्या भागांत उलट दिशेने जाते आणि एकमेकींना खोडते. पण हे तेव्हाच घडतं, जेव्हा दोन्ही पॉवर ट्यूब सारखा करंट घेतात. एक थकली की खोडणं अपुरं पडतं आणि कपॅसिटर ठणठणीत असूनही १०० हर्ट्झचा हम येतो. म्हणून खोलीतले दिवे घालवून मागून बघा. आतला केशरी हीटर दोन्हीत सारखा दिसला पाहिजे. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक असेल तर घाबरू नका. करड्या प्लेटवर (ट्यूबमधला बाहेरचा मोठा पत्रा) मात्र मंद लाल डाग पसरताना दिसला तर त्याच क्षणी अ‍ॅम्प बंद करा. बायस गेलेला असतो, किंवा कपलिंग कपॅसिटर (आधीच्या टप्प्याचं डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे देणारा) गळतो, किंवा ट्यूबच खराब असते. यातलं कोणतं ते कळायला थंड झाल्यावर दोन ट्यूबची अदलाबदल करा आणि थोडाच वेळ चालू करून बघा: लाली ट्यूबबरोबर दुसरीकडे गेली तर दोष ट्यूबचा, त्याच सॉकेटवर राहिली तर सर्किटचा. ट्यूबच्या काचेवरचा चकचकीत चंदेरी लेप पांढरा पडला असेल तर हवा आत गेलीये, ती ट्यूब संपली.

दोन्ही ट्यूब सारख्या दिसत असतील तर माझा संशय फिल्टर कपॅसिटरवर, म्हणजे पुरवठ्यातली लहर सपाट करणाऱ्या कपॅसिटरवर, आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने सुकतात आणि वीस वर्षांनी ते बदलायला येणं स्वाभाविक आहे. त्यांची एक खूण हमपेक्षाही पक्की असते. अ‍ॅम्प जोरात लावा, बारीक तारेवर बाराव्या फ्रेटला एकच सूर धरा आणि त्याच्या खाली काय ऐकू येतं ते बघा. कपॅसिटर थकलेले असतील तर मूळ सुराच्या मागे एक बेसूर, भुतासारखा सूर येतो. तो सूर ६५९ हर्ट्झचा आहे, त्यात १०० ची लहर मिसळली की ५५९ आणि ७५९ हर्ट्झ तयार होतात, आणि ते दोन्ही कुठल्याच स्वरावर नीट बसत नाहीत. बरेच वादक याला गिटारच्या इंटोनेशनचा (फ्रेटवर सूर नेमका लागण्याचा) दोष समजून पूल आणि तारा बदलत बसतात.

आवाज मध्येच तुटण्याचं कारण बहुधा वेगळं आहे. तुमच्या अ‍ॅम्पला इफेक्ट्स लूप (बाहेरचे पेडल मध्ये जोडायचे सेंड-रिटर्न जॅक) असेल तर सेंड आणि रिटर्नमध्ये एक छोटी पॅच केबल लावून वाजवा. तुटणं थांबलं तर रिटर्न जॅकच्या आतला स्विचिंग संपर्क काळा पडलाय, तो संपर्क साफ करणाऱ्या स्प्रेने सुटेल. माझ्या ओळखीच्या एका गिटारवादकाने सगळ्या ट्यूब नव्या घेतल्या होत्या, आणि दोष या जॅकचाच निघाला. दोष जॅकचा नसेल तर चालू अ‍ॅम्पमध्ये प्रीअ‍ॅम्प ट्यूबवर पेन्सिलच्या मागच्या टोकाने अगदी हलके टिचकी मारा. बारीक 'टिक' ऐकू येणं साधारण आहे. घंटेसारखा घुमला किंवा शिट्टी सुरू झाली तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झालीये, म्हणजे हादरे मायक्रोफोनसारखे पकडतेय. काँबोमध्ये स्पीकर त्याच खोक्यात थरथरत असतो, त्यामुळे हा दोष हेडपेक्षा लवकर जाणवतो. टिचकीने आवाज जातो-येतो असं झालं तर सॉकेटच्या पिना सैल किंवा मळलेल्या आहेत, ट्यूब नव्हे.

यानंतर तंत्रज्ञाकडे जाल तेव्हा 'ट्यूब बदलून द्या' म्हणू नका. हमचा सूर कोणता, कोणत्या ट्यूबपर्यंत काढल्यावर काय झालं, भुताचा सूर येतो की नाही, हे सांगा. फिल्टर कपॅसिटर बदलायचे ठरले तर बायसच्या पुरवठ्यातला छोटा कपॅसिटरही त्याच वेळी बदलायला सांगा. तो हमखास राहून जातो, आणि तो गेला की नव्या पॉवर ट्यूबही लाल होतात. बायस लावताना ६एल६जीसी ची प्लेटची मर्यादा ३० वॉट धरून साधारण ७० टक्के, म्हणजे ट्यूबमागे २१ वॉटच्या वर जाऊ नये. ४५० व्होल्टवर हा करंट सुमारे ४७ मिलिअँपिअर होतो. आणि अंधारातली आणि बाराव्या फ्रेटची चाचणी करून झाली की काय दिसलं आणि काय ऐकू आलं ते खाली लिहा, त्यावरून पुढचं सांगता येईल.