साबणाच्या द्रावणात जंतुनाशक घातल्यावर साका का बसतो?

प्रश्न : आमचा बचत गट भांडी घासण्याचे द्रावण तयार करतो. त्यात बेन्झाल्कोनियम क्लोराइड असलेले जंतुनाशक मिसळले, तेव्हा द्रावण लगेच पांढरे झाले आणि नासलेल्या दुधासारखा साका तळाशी बसला. दोन्ही पदार्थ पाण्यात सहज विरघळत असताना असे का झाले? जंतुनाशकाचे प्रमाण वाढवून हे टाळता येईल का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : भांड्यांच्या द्रावणात बहुधा सोडियम लॉरिल सल्फेट किंवा त्याचा इथर प्रकार असतो, आणि त्याच्या रेणूचे पाण्याकडे ओढ असलेले टोक ऋणभारित असते. बेन्झाल्कोनियमचे तेच टोक धनभारित असते. हे दोन रेणू जोडीने एकत्र आले की भार परस्परांत विरतो, आणि त्या भारामुळेच पाण्यात टिकून राहिलेल्या लांब कर्बसाखळ्या साक्याच्या रूपाने बाहेर पडतात.

प्रमाणाचा प्रश्न आपण विचारलात हे फार चांगले झाले, कारण खरी गुंतागुंत तिथेच आहे. दोन्हींच्या रेणूंची संख्या जवळपास सारखी असते तेव्हा साका सर्वांत सहज पडतो. एकाचे प्रमाण पुष्कळ जास्त असेल, तर दुसऱ्याचे थोडे रेणू त्याच्या मिसेलमध्ये, म्हणजे रेणूंच्या सूक्ष्म पुंजक्यांमध्ये, सामावले जातात आणि द्रावण स्वच्छ दिसू शकते. पाण्यात एकट्या सोडियम लॉरिल सल्फेटची मिसेल २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे २.३ ग्रॅमपासून तयार होतात, पण विरुद्ध भारांच्या मिश्रणात ती याहून कितीतरी कमी प्रमाणातही तयार होतात. मात्र असे स्वच्छ दिसणारे मिश्रण पाणी घालून पातळ केल्यावर पुन्हा गढूळ होऊ शकते, म्हणून बाटलीतील स्वच्छतेवर विसंबू नये. शिवाय ऋणभारित रेणूंनी बांधलेले बेन्झाल्कोनियम जंतूंवर पूर्वीइतके परिणामकारक राहत नाही, आणि माझ्या मते प्रमाण बदलण्याचा खटाटोप न करण्याचे हेच मुख्य कारण आहे.

नाशिकच्या थंडीत आपल्याला आणखी एक साका दिसेल, त्याची याच्याशी गल्लत करू नये. सोडियम लॉरिल सल्फेटची विद्राव्यता सुमारे १६ अंशांखाली झपाट्याने घटते. तो साका बाटली कोमट पाण्यात ठेवल्यावर विरघळतो. बोअरवेलचे पाणी जड असेल, तर त्यातील कॅल्शियमशी होणारा क्षार मात्र इतक्या सहज विरघळत नाही.

जंतुनाशक हवेच असेल, तर भांडी आधी घासून स्वच्छ पाण्याने खळखळून धुवावीत आणि भांड्यांसाठी योग्य असे जंतुनाशक त्यानंतर वेगळे वापरावे. एकाच बाटलीचा आग्रह असेल, तर सल्फेटऐवजी भाररहित प्रकारचा स्वच्छताकारक पदार्थ निवडावा, आणि त्याचा बेन्झाल्कोनियमशी मेळ बसतो का, याची खात्री पुरवठादाराकडून करून घ्यावी.