८ वर्षांच्या मुलाचे तळवे सपाट आहेत, एका पायावर तोल जातो. कमानीचे (तळव्याच्या आतल्या खोलगट भागाला आधार देणारे) बूट घ्यावेत का?

बूट घेण्याआधी घरीच एक तपासणी करा. मुलाला अनवाणी, पाठमोरं उभं करून चवड्यांवर उंच व्हायला सांगा. टाचा उचलल्यावर कमान दिसली आणि टाचा आत वळल्या, तर तळवा लवचीक आहे. दुखत नसेल तर त्याला उपचार लागत नाही. लहानपणी अस्थिबंध (हाडं एकमेकांना बांधणारे पट्टे) सैल असल्याने वजन पडताच कमान दबते. साधारण १० वर्षांपर्यंत ती घडत राहते.

बुटातल्या आधाराने कमान तयार होत नाही. अस्थिरोगतज्ज्ञ वेंगर यांच्या १९८९च्या अमेरिकी अभ्यासात ३ वर्षं खास बूट वा आधार वापरलेल्या आणि न वापरलेल्या लहान मुलांचे तळवे सारखेच सुधारले. चालून पाय दुखत असतील तर मात्र मऊ आधाराने आराम पडतो. शाळेच्या बुटाची टाचेमागची बाजू टणक हवी, आणि तो मधोमध नव्हे, बोटांपाशी वाकायला हवा.

तोलाचं सगळं खापर तळव्यावर फोडू नका. तोल सरावाने सुधारतो. रोज अनवाणी एका पायावर १० सेकंद, प्रत्येक पायावर ५ वेळा. बोटं जमिनीला आवळून धरत असेल तर थांबवा, बोटं सैल हवीत. जमलं की चेंडू झेलायला द्या. मग चवड्यांवर १० वेळा सावकाश वर-खाली. लंगडी तर उत्तमच!

पोटरी आखडलेली असेल तर ताण द्यायलाच हवा, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. भिंतीला हात टेकून एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीवर, ३० सेकंद, ३ वेळा. मागचं पाऊल बाहेर वळलं तर ताण पोटरीला न बसता तळव्याच्या मध्यावर येतो आणि कमान आणखी दबते. म्हणून पाऊल सरळ किंवा किंचित आत ठेवा.

चवड्यांवरही कमान येत नसेल, पाऊल ताठर असेल, एकच पाय सपाट असेल किंवा घोटा वारंवार मुरगळत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. पावलातली दोन हाडं जोडलेली असू शकतात. मूल मांड्यांवर हात टेकत उठत असेल किंवा तोल दिवसेंदिवस बिघडत असेल, तर व्यायामात वेळ न घालवता आधी बालरोगतज्ज्ञांकडे न्या.