पाटीवरचं आडनाव एका बाजूला जाड, टच प्रोब घेऊ का?

प्रश्न : नमस्कार सर, मी जुळे सोलापूरला राहतो, नोकरी सांभाळून घरी ३०१८ सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या छोट्या कोरीवकामाच्या मशीनवर, दाराच्या पाट्या करतो, जास्त करून एमडीएफ आणि कधी कधी सागवान. व्ही-बिटनं, म्हणजे टोकाकडं निमुळत्या होणाऱ्या पात्यानं, अक्षरं कोरतो. झिरो, म्हणजे बिट फळीला टेकतो ती उंची, बिटखाली कागद सरकवून नीट घेतो तरी आडनाव डावीकडं जाड येतं आणि उजवीकडं बारीक होत जातं. गड्ड्याच्या जत्रेआधी ऑर्डरी पुऱ्या करायच्यात. ऑनलाइन तिन्ही बाजूंचा, म्हणजे एक्स-वाय-झेड टच प्रोब, झिरो आपोआप घेणारा, १८०० रुपयांना दिसतोय. घेऊ का?

उत्तर : आत्ता नका घेऊ. झिरो चुकला असता ना, तर अख्खं आडनाव जाड आलं असतं नाहीतर अख्खं बारीक. तुमच्याकडं फरक हळूहळू पडतोय आणि दर वेळी त्याच बाजूला, म्हणजे फळी नाहीतर बेड, म्हणजे फळी बांधायचा मशीनचा पाट, तिरका आहे. प्रोब झेड, म्हणजे उंची, एकाच ठिकाणी मोजतो, तिरकी फळी तो कशी सरळ करणार? मागावर ताणा एका कडेला ढिला असला तर नवा धोटा आणून कापड सुधारत नाही, हे सोलापूरच्या माणसाला मी वेगळं काय सांगू.

व्ही-बिटला हा तिरकेपणा अजिबात सहन होत नाही. ९० डिग्रीचा बिट असेल तर खोली जेवढी बदलते त्याच्या दुप्पट रेषेची रुंदी बदलते, म्हणजे फळी एका टोकाला अर्धा मिलीमीटर वर असली तर तिथली रेघ १ मिलीमीटरनं जाड. ६० डिग्रीच्या बिटला तोच फरक साधारण ०.६ मिलीमीटर. पाटीवर हे लांबून दिसतं हो.

आधी व्हर्निअरनं फळीची जाडी चारही कोपऱ्यांत मोजा. आकडे वेगळे आले तर दोष फळीचा, ती रंध्याखाली घाला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सागवान सुकून वाकतं, त्यामुळं फळी सरळ कडेवर डोळा लावूनही बघा. जाडी सगळीकडं सारखी आणि फळीही सरळ असेल तर बेड बघायचा. अॅल्युमिनियमच्या टी-स्लॉट बेडवर १२ मिलीमीटरची एमडीएफ पक्की बसवा, स्क्रूची डोकी चांगली खोल गेली पाहिजेत, आणि ६ मिलीमीटरच्या सपाट बिटनं तिचा वरचा थर त्याच मशीनवर काढून घ्या, एका वेळी ०.२ पेक्षा जास्त नको कारण या मशीनच्या ७७५ मोटरचा जीव लहान आहे. थर निघाला की ती एमडीएफ मशीनच्या चालीशी समांतर होते, पुढची प्रत्येक फळी तिच्यावरच बांधा. खर्च म्हणाल तर एमडीएफचा एक तुकडा आणि एक संध्याकाळ.

कुणीतरी सांगेल की मशीन चालवायच्या कँडल सॉफ्टवेअरमध्ये हाइटमॅप आहे, प्रोब जोडला की सगळा पृष्ठभाग मोजून घेतो. खरंय, पण ते पीसीबीला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पट्टीला, चालतं, तिथं वर तांबं असतं. हा प्रोब म्हणजे साधं सर्किट, बिट धातूला टेकला की सर्किट पूर्ण होतं आणि मशीन थांबतं. सागवानातनं करंट जात नाही, मग लाकडाची फळी तो मोजणार कसा?

प्रोब बिनकामाचा आहे असं मात्र मी म्हणत नाही. एकाच पाटीत आधी सपाट बिट आणि मग व्ही-बिट लावत असाल तर दर वेळी झेड परत घ्यावा लागतो आणि तिथं कागदापेक्षा प्रोब कितीतरी पक्का. पण त्यासाठी नुसता झेडचा बास, आणि तो घरी होतो. अॅल्युमिनियमच्या पट्टीचा सपाट तुकडा घ्या, त्याला एक वायर, दुसऱ्या वायरला मगर क्लिप, दोन्ही मशीनच्या कंट्रोल बोर्डावरच्या प्रोबच्या पिनांना. तुकड्याची जाडी व्हर्निअरनं मोजून सॉफ्टवेअरमध्ये तोच आकडा टाकायचा. क्लिप मोटरच्या बॉडीला लावू नका, थेट बिटलाच लावा, बेअरिंगमधनं करंट कधी जातो कधी नाही.

आणि दर वेळी, अगदी दर वेळी, खाली सोडायच्या आधी तुकडा हातानं बिटला टेकवून स्क्रीनवर सिग्नल येतोय का बघा. सिग्नल नसला तर बिट तुकड्यात घुसतो. झिरो झाला की क्लिप काढूनच स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारी मोटर, चालू करायचा. माझ्याकडनं एकदा क्लिप तशीच राहिली, वायर बिटभोवती गुंडाळली जाऊन पिनेतनं उपटून आली आणि बिट गेला. नशीब हात लांब होता.

तिन्ही बाजूंच्या ब्लॉकचा उपयोग फळी उलटून दोन्हीकडं काम करणाऱ्याला, कारण त्याला कोपरा अचूक सापडावा लागतो. तुमच्या पाट्या एकाच बाजूच्या, एमडीएफवर एल आकारात दोन पट्ट्या ठोकल्या की प्रत्येक फळी आपोआप त्याच कोपऱ्यात बसते.

१८०० मधले थोडे पैसे चांगल्या मास्कवर आणि बिटभोवतीची धूळ अडवणाऱ्या डस्ट शूवर घाला. एमडीएफची धूळ फार बारीक असते, तुम्ही घरात काम करता आणि ती घरातल्या सगळ्यांच्या छातीत जाते.

चार कोपऱ्यांचे आकडे मात्र मला कळवा, त्यावरनं फळी की बेड ते लगेच सांगतो.