एक्स्पेडाइट: अर्थ, वापर आणि मामलेदाराला द्यायचं पत्र

गोव्यातल्या डिचोलीच्या एका सदस्याने विचारलंय की वडिलांच्या पश्चात केलेल्या म्युटेशनची (जमिनीच्या नोंदीत वारसांची नावं लावण्याची) फायल मामलेदार कचेरीत पडून आहे, इंग्रजीत स्मरणपत्र द्यायचंय, तर 'प्लीज एक्स्पेडाइट फास्ट' असं लिहिलं तर चालेल का? की 'ॲक्सिलरेट' बरं?

आधी 'फास्ट' खोडा. एक्स्पेडाइटच्या पोटात लवकर हा अर्थ आहेच. दुसरं, हे क्रियापद सकर्मक आहे, म्हणजे काय मार्गी लावायचं ते त्याच्यापुढे लिहावंच लागतं: 'एक्स्पेडाइट द म्युटेशन', 'एक्स्पेडाइट माय ॲप्लिकेशन'. मध्ये 'फॉर' किंवा 'ऑन' घालू नका. आणि ते कर्म म्हणजे काम असतं, माणूस नव्हे. तलाठ्याला एक्स्पेडाइट करता येत नाही, त्याच्या टेबलावरच्या कागदाला करता येतं. उच्चारात जोर पहिल्या 'एक्स'वर द्या.

आता अर्थ. लॅटिनमध्ये 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'पेस' म्हणजे पाय, आपल्या 'पद'चा सख्खा भाऊ. अडकलेला पाय मोकळा करणं हा मूळ अर्थ. याच्या उलट 'इम्पीड', पायात अडथळा आणणं. आपल्याकडे पोर्तुगीज शिकलेली जुनी माणसं आहेत, त्यांना विचारा. 'इंपेदिर' म्हणजे अडवणं आणि 'एश्पेदिर' म्हणजे पाठवणं, कागद जारी करणं, हे ती चटकन सांगतील. मराठीत मला सगळ्यात जवळचं वाटतं ते 'मार्गी लावणे'. 'वेग वाढवणे' नाही.

इथेच ॲक्सिलरेट वेगळं पडतं. त्यात निव्वळ गती वाढते. कदंबची बस चढ संपल्यावर ॲक्सिलरेट होते, आजाराचा फैलाव ॲक्सिलरेट होतो. कर्म नसलं तरी ते क्रियापद चालतं. 'ॲक्सिलरेट माय ॲप्लिकेशन' व्याकरणाने चुकत नाही, पण कानाला खटकतं, कारण तुमची फायल हळू चाललेली नाही, ती थांबलेली आहे. 'हेस्टन' बहुतेकदा परिणामाबद्दल येतं, चिंतेने त्याचा अंत जवळ आणला अशा वाक्यांत. आणि सुनावणीची तारीख वीसवरून बारावर आणायची असेल तर ते 'प्रिपोन'. हा शब्द भारतात सर्रास चालतो, परदेशी माणसाला लिहिताना 'ब्रिंग फॉरवर्ड' लिहा.

एक्स्पेडाइट प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहायचं तर कळंगुट-कांदोळीच्या एखाद्या मोठ्या रेस्टॉरंटच्या किचनमध्ये रात्री नऊला डोकावा. कुक आणि वेटर यांच्यामधल्या काउंटरवर, ज्याला 'पास' म्हणतात, एक जण उभा असतो. त्याला इंग्रजीत 'एक्स्पिडायटर' म्हणतात, हॉटेल मॅनेजमेंटची मुलं 'अबोयर' म्हणून शिकतात. तो केओटी, म्हणजे किचनमध्ये आलेली ऑर्डरची चिठ्ठी, वाचून ओरडतो, कोणत्या टेबलाचं काय अडलंय ते बघतो. विसवणाचा (सुरमईचा) तुकडा तव्यावर टाकायला तयार आहे, पण त्याच टेबलाच्या कुर्ल्यांना अजून वेळ आहे, तर तो तुकडा थोडा उशिरा तव्यावर टाकायला लावतो. चारही प्लेटा एकदम बाहेर गेल्या पाहिजेत. गॅसच्या आचेला तो हात लावत नाही. वाट मोकळी ठेवतो. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवलंत तर शब्द कधी चुकणार नाही.

म्हणून पत्रात नुसतं 'काइंडली डू द नीडफुल अँड एक्स्पेडाइट' लिहू नका. अशी पत्रं कचेरीत ढिगाने येतात आणि वाचणाऱ्याला त्यातून नेमकं काय करायचं ते कळत नाही. पाय कुठे अडकलाय ते लिहा. म्युटेशनमध्ये संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीला मुदत असते; ती मुदत कायद्याने दिलेली, ती कोणी एक्स्पेडाइट करू शकत नाही आणि तसं मागूही नये. पण मुदत संपून हरकत आलेली नसेल आणि तरी नोंद प्रमाणित झाली नसेल, तर लिहा: 'द नोटिस पिरियड इज ओव्हर अँड नो ऑब्जेक्शन हॅज बीन रिसीव्ड. आय रिक्वेस्ट यू टु एक्स्पेडाइट द सर्टिफिकेशन ऑफ द म्युटेशन एंट्री.' वर सर्व्हे नंबर, गाव, अर्जाची तारीख आणि पावतीचा नंबर. विनवण्यांची गरज नाही.

नाम हवं असेल तर 'एक्स्पेडिशन' वापरू नका, आज त्याचा पहिला अर्थ मोहीम होतो. 'एक्स्पेडिशस डिस्पोजल' लिहा. कोर्टाच्या आदेशांत 'एक्स्पेडिशसली' वाचायला मिळतं ते याच घरातलं, विनाविलंब या अर्थाचं.

आणि इंग्रजीचा आग्रह कशाला? गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा असली तरी सरकारी कामासाठी मराठीचीही तरतूद आहे. तेव्हा खुशाल लिहा: 'हरकतीची मुदत संपली असून कोणतीही हरकत आलेली नाही. तरी नोंद प्रमाणित करण्याचे काम त्वरित मार्गी लावावे, ही विनंती.'