साउथ डकोटात फेझंटच्या शिकारीला 12 बोअरमध्ये कुठलं काडतूस घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात मामेभावाकडे साउथ डकोटाला जाताय, तो फेझंट (कोंबड्यासारखा रानपक्षी) मारायला नेणार, बंदूक त्याचीच 12 बोअर (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा मोठा तेवढी नळी अरुंद), आणि दुकानातले 4, 5, 6, साडेसात हे नंबर बघून डोकं गरगरतंय. मी सत्तरीचा, तिकडे कामाला असताना तीन सीझन गेलोय म्हणून सांगतो.

नंबर उलटे चालतात, नंबर मोठा तेवढा छर्रा बारीक. 17 मधून नंबर वजा करा, उरेल तेवढे शतांश इंच, म्हणजे 6 नंबरचा छर्रा 0.11 इंच. एका औंसात 6 चे साधारण 225 छर्रे बसतात, साडेसातचे 350. मलापण पहिल्यांदा वाटलेलं की जास्त छर्रे म्हणजे बरं, पण फेझंटचा नर आपल्या गावठी कोंबड्याएवढा, थंडीत पिसं जाड, बारीक छर्रा आत शिरत नाही, पक्षी जखमी होऊन गवतात पळतो आणि कुत्र्यालाही सापडत नाही. साडेसात लाव्यांसाठी ठेवा. ऑक्टोबरात 6 चालतं, डिसेंबरापर्यंत पक्षी शहाणे झालेले असतात, लांबूनच उडतात, म्हणून 5 घ्या, चोक (नळीच्या तोंडाचा आवळपणा) मॉडिफाइड, म्हणजे मध्यम. मॅग्नम, म्हणजे जास्त जोराचं काडतूस, नको, खांदा सुजतो आणि दुसरा बार हुकतो.

हे सगळं शिशाचं झालं. जमीन कुणाची ते आधी विचारा, वॉटरफाउल प्रॉडक्शन एरियात (पाणपक्ष्यांसाठी राखलेली सरकारी जमीन) शिसं बंद आहे, तिथे स्टील लागतं. स्टील हलकं, म्हणून दोन नंबर जाड घ्यायचं, 6 च्या जागी 4. जुन्या फुल चोकच्या बंदुकीत मात्र स्टील घालू नका, नळी खराब होते.

आता चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, हे नीट वाचा. आमच्या आजोबांची दुनळी होती, कुळागरात डुकरं येतात म्हणून लायसन, दर निवडणुकीला पोलीस स्टेशनात जमा करायची आणि पावती देवघरात ठेवायची. तिची चेंबर अडीच इंची. काकाने एकदा पावणेतीनचं काडतूस घातलं, ते आरामात बसलं, तरी आजोबांनी ओरडून काढायला लावलं. कारण काडतुसाची लांबी बार उडून तोंड उघडल्यावरची मोजतात, न उडवलेलं आखूड असतं म्हणून आत जातं, पण उडताना तोंडाला उघडायला जागा नसते आणि प्रेशर वाढतं. भावाच्या नळीवर आकडा कोरलेला असेल तो बघा. आणि खिशात 20 बोअरचं पिवळं काडतूस चुकूनही नको, ते 12 च्या नळीत पुढे सरकून अडकतं, नळी रिकामी वाटते, मागून 12 चं घातलं की नळी फुटते.

टुरिस्ट व्हिसावर असाल तर तिथलं शिकारीचं लायसन खिशात आल्याशिवाय बंदूक हातात धरायची नाही, त्यांचा कायदा आहे. मारायचे फक्त नर, दिवसाला तीन. आणि परत आल्यावर हे ज्ञान इथल्या रानकोंबड्यावर वापरू नका हां, 1972 च्या कायद्याने सरळ गुन्हा आहे, शेतीसाठीच्या लायसनवर पक्षी मारता येत नाहीत.

जेवताना सावकाश चावा. मी फेझंटची शागुती केलेली, झक्कास झाली होती, पण दुसऱ्याच घासाला स्टीलचा छर्रा दाताखाली आला आणि दाढ गेली.