अल्माटीला निघालेल्या पोरीला

प्रिय पोरी,

तुझा मेसेज आला, "ताई, तिकडचे रशियन लोक स्वभावाने कसे असतात गं?" बॅग भरायचं नंतर बघू, आधी या प्रश्नाचं बोलू. तू चाललीयस कझाकस्तानात. तिथे दुकानात, बसमध्ये, हॉस्टेलच्या ऑफिसात रशियन सर्रास चालतं हे खरं, पण समोर बोलणारा माणूस कझाक असेल, उइगुर असेल, तातार, जर्मन, कोरियन असेल, आणि हो, रशियनही असेल. बोलतात बहुतेक सगळे रशियन, पण ती भाषा कुणाच्या घरात कशी आली हे विचारायला गेलीस तर काही घरांत ती जखम अजून ओली आहे.

मला हे चूक करून कळलं. पहिल्या हिवाळ्यात झेल्योनी बाजारात एका आजीकडून गाजराची कोशिंबीर घ्यायचे, गाजर लांब लांब किसलेलं, व्हिनेगर, लसूण, धणे, लाल तिखट आणि वरून कडकडीत तेल, अगदी फोडणीच गं, घरची आठवण यायची. एकदा तिचा चेहरा बघून मी सहज विचारलं, तुम्ही कोरियाहून कधी आलात? ती काही बोलली नाही, पुडी बांधली, सुट्टे परत दिले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मग आमच्या हॉस्टेलच्या बाईंनी सांगितलं की 1937 मध्ये, हे सगळं सोव्हिएत संघात असताना, स्टॅलिनच्या सरकारने रशियाच्या पूर्व टोकाला राहणाऱ्या कोरियन लोकांना, जवळजवळ 1 लाख 72 हजार माणसं, रेल्वेत कोंबून इथे आणि उझबेकिस्तानात आणून सोडलं, त्यांच्या किमचीचा (म्हणजे आंबवलेल्या तिखट भाजीचा) कोबी इथे मिळेना म्हणून बायकांनी गाजर घेतलं. ती कोशिंबीर कोरियात कुणी खात नव्हतं, ती या हद्दपारीतूनच आली. दुसऱ्या दिवशी जाऊन मी आजीची माफी मागितली, मोडक्यातोडक्या रशियनमध्ये. तिने त्या दिवशी थोडं जास्त गाजर घातलं.

आणि कझाकांचं स्वतःचं दुःख तर त्याआधीचं. 1930 ते 33 चा दुष्काळ. भटक्या पशुपालकांची जनावरं आणि धान्य सोव्हिएत सरकारने सक्तीने गोळा केलं आणि अंदाजे 15 लाख माणसं भुकेने मेली, त्यातले बहुतेक कझाकच. म्हणून सांगते, आपल्याकडे घरात लहानपणापासून "रशिया आपला जुना दोस्त" ऐकलेलं असतं ना, ते खोटं नाही, पण ते आपलं आहे, तिथल्या कुणासमोर ते वाक्य टाकू नकोस. तिथे मे महिन्यात 9 तारखेला दुसऱ्या महायुद्धातला विजय दिन असतो, पानफिलोव पार्कात म्हातारी माणसं फुलं घेऊन येतात, डोळ्यांत पाणी असतं आणि ते मनापासूनचं असतं, कारण त्या युद्धात घरटी कुणी ना कुणी गेलंय. त्याच महिन्यात 31 ला दडपशाहीत आणि दुष्काळात गेलेल्यांचा स्मृतिदिन. दोन्ही दिवस पाळणारी माणसं तुला एकाच घरात भेटतील, त्यांना "मग तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे" असं विचारू नकोस. 2022 नंतर रशियातून लष्करभरती टाळायला आलेली पोरंही दिसतील. युक्रेनच्या युद्धाचा विषय निघाला तर ऐक, मत द्यायची घाई करू नकोस.

आता रोजचं. शिक्षकांना नाव आणि वडिलांच्या नावाने हाक मारायची, वडील सेर्गेई असतील तर मुलगा सेर्गेयेविच, मुलगी सेर्गेयेव्ना, आपल्याकडे मधलं नाव वडिलांचंच असतं त्यामुळे तुला अवघड जाणार नाही. तू-तुम्हीचा फरक तिथेही आहे, मोठ्यांशी तुम्हीच. कुणाकडे फुलं नेलीस तर विषम न्यायची, सम फुलं मयताला (आपण अहेरात वरचा एक रुपया घालतो तसं समज). कझाक घरात चहा दुधाचा मिळेल, पण पियाला अर्धाच भरतील. तो कंजूषपणा नाही गं, परत परत भरायला मिळावा म्हणून. काठोकाठ भरलेला दिला तर उठायची वेळ झाली समज.

आणि रशियन शिक, ते लागणारच, पण पहिल्या महिन्यात कझाकचे निदान वीस शब्द शिक. "रहमेत" म्हणजे धन्यवाद. त्यांची लिपी गेल्या शंभर वर्षांत अरबीवरून लॅटिन आणि 1940 मध्ये सिरिलिक झाली, म्हणजे आजीचं पत्र नातवाला वाचता येईना अशी घरं आहेत. परदेशी पोरगी आपल्या भाषेत रहमेत म्हणते तेव्हा त्या बायकांचा चेहरा कसा फुलतो ते मी पाहिलंय.

सुट्टीत राजधानीला, अस्तानाला गेलीस तर जवळच्या अकमोल गावाला नक्की जा. 1938 पासून तिथे "देशद्रोह्यांच्या बायका" म्हणून पकडलेल्या स्त्रियांची छावणी होती, आता म्युझियम आहे. तिथे सांगतात की गावातल्या कझाकांनी त्या कैदी बायकांवर दगड मारल्यासारखं करून कुर्त फेकलं, कुर्त म्हणजे दह्याचे वाळवलेले खारट गोळे, दिसायला खडेच. पहारेकरी हसले, बायका आधी घाबरल्या, मग एकीला दुधाचा वास आला.

बाजारात ते कुर्त किलोवर मिळतं. येताना माझ्यासाठी पाव किलो आण, कडक बघून घे.

तुझी,
ताई